लेप्टोस्पायरोसिस : माणूस व कुत्रा यांच्यातील प्रसार

लेप्टोस्पायरा या प्रजातीतील मळसूत्राकार जीवाणूंमुळे होणारा आणि प्राण्यांकडून माणसाकडे येणारा संसर्गजन्य रोग. व्यवहारात त्याला नुसते ‘लेप्टो’ असेही म्हणतात. बाधित प्राण्याच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांत हे जीवाणू वस्ती करतात व मूत्रावाटे बाहेर पडतात. प्रसाराचे सारे गणित या एका गोष्टीत आहे. उंदीर व घुशी स्वतः सहसा आजारी पडत नाहीत, पण महिनोन्‌महिने जीवाणू बाहेर टाकत राहतात. असे मूत्र साचलेल्या गोड्या पाण्यात किंवा चिखलात मिसळले, की ऊब आणि ओल टिकून असेपर्यंत जीवाणू कित्येक आठवडे तग धरतात. कोरडेपणा, कडक ऊन आणि नेहमीची जंतुनाशके मात्र त्यांना सोसवत नाहीत. पूर ओसरल्यावर रुग्ण एकाएकी वाढतात ते यामुळेच.

शरीरात शिरण्यासाठी जीवाणूंना पायावरचा एखादा ओरखडा, पाण्यात भिजून मऊ पडलेली त्वचा किंवा डोळे, नाक व तोंड यांतील श्लेष्मल त्वचा पुरते. शेतमजूर, गटारसफाई करणारे व खाणकामगार यांना हा धोका कामातूनच येतो. कुत्र्याच्या बाबतीत तो त्याच्या सवयींतून येतो : डबक्यातले पाणी पिणे, दुसऱ्या कुत्र्याने मुतलेली जागा हुंगणे व चाटणे, उंदीर धरणे. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला लागण होणे अतिशय विरळ आहे.

कुत्र्याची भूमिका दुहेरी असल्याने तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. या जीवाणूंच्या कॅनिकोला या उपप्रकाराचा कुत्रा हा मूळ आश्रयदाता आहे, म्हणजे तो जीवाणू मुख्यतः कुत्र्यातच वस्ती करून राहतो; इतर उपप्रकारांच्या बाबतीत तो माणसासारखाच वाटेत सापडलेला बळी असतो. त्यामुळे घरातला कुत्रा आजारी पडल्यास त्याच्याइतकेच आजूबाजूच्या साचलेल्या पाण्याकडे आणि उंदरांकडे पाहिले पाहिजे. तरीही तो निर्धोक नाही. निकाराग्वात १९९५ मध्ये फुप्फुसांतील रक्तस्रावाने माणसे दगावली, त्या साथीच्या तपासात बाधित कुत्र्यांशी संबंध आढळला. लॉस एंजेलिस परगण्यात २०२१ मध्ये दोनशेहून अधिक कुत्र्यांना लागण झाली किंवा तसा संशय आला. त्यांतील बरेच कुत्रे पाळणाघरांत किंवा वसतिगृहांत एकत्र राहिलेले होते.

माणसात लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांत दिसतात. एकदम चढणारा ताप, डोकेदुखी, चिपडे न येता लाल झालेले डोळे आणि हात लावू न देणाऱ्या पोटऱ्या, हे चित्र अनुभवी डॉक्टरला लगेच सावध करते. कावीळ व मूत्रपिंडे निकामी होणे हे तीव्र रूप आडोल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये वर्णिले. जीवाणू वेगळा करण्याचे श्रेय जपानमधील इनाडा व इडो यांच्याकडे (१९१५) जाते. कुत्र्यात मलूलपणा, उलट्या, अतिशय तहान व पुढे कावीळ दिसते; काही कुत्रे वरवर ठणठणीत राहूनही जीवाणू टाकत असतात.

जगभरात दरवर्षी सुमारे १० लाख माणसांना हा रोग होतो व जवळजवळ ५९,००० दगावतात, असा २०१५ मधील अंदाज आहे. उपचारासाठी पेनिसिलीन, सेफ्ट्रियाक्झोन किंवा डॉक्सिसायक्लिन लवकर सुरू करणे महत्त्वाचे असते. कुत्र्याला दोन आठवडे दिलेले डॉक्सिसायक्लिन मूत्रपिंडांतील जीवाणूही नाहीसे करते. तोवर त्याचे मूत्र हातमोजे घालूनच साफ करावे. कुत्र्यांची लस दोन मात्रांनंतर दरवर्षी द्यावी लागते आणि ती मुख्यतः तिच्यात समाविष्ट असलेल्या उपप्रकारांपासूनच संरक्षण देते. माणसांसाठीची लस मोजक्याच देशांत वापरली जाते.