कर्करोगाच्या उपचारांसाठी मानांकित रुग्णालय शोधताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रुग्णालय शोधण्यास मदत करणाऱ्या, नारायण पेठेतील आमच्या कार्यालयात येणारी बहुतेक कुटुंबे बायोप्सीचा अहवाल हाती पडून दोन-तीन दिवस झालेले असतानाच येतात, आणि तोवर घरातील कोणीतरी रात्री जागून मोबाइलवर ‘पुण्यातील सर्वोत्तम कॅन्सर हॉस्पिटल’ असा शोध घेतलेला असतो. त्या शोधात अगदी वर आलेल्या नावांवर अनेकदा बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते. ती पैसे भरून केलेली जाहिरात होय. अशा पानावर आपला फोन नंबर घाईने भरू नये.

रुग्णालयांच्या गुणवत्तेचे मानांकन एनएबीएच हे भारतीय गुणवत्ता परिषदेचे मंडळ देते. रुग्णाची सुरक्षितता, संसर्ग रोखण्याची व्यवस्था, औषधांची हाताळणी, नोंदी अशा बाबी तपासून ते दिले जाते आणि त्याला मुदत असते. पूर्ण मानांकन आणि प्राथमिक स्तरावरील प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत मात्र दोन्हींसाठी सर्रास ‘मानांकित’ हा एकच शब्द वापरला जातो. म्हणून रुग्णालयाच्या भिंतीवरील चौकट न पाहता मंडळाच्या संकेतस्थळावरील यादी पाहावी आणि त्यात नाव, पत्ता, स्तर व मुदत या चारही गोष्टी जुळतात का ते तपासावे. पत्त्याकडे तर विशेष लक्ष द्यावे. आमच्या एका ग्राहकाने आणलेल्या पुस्तिकेवर मानांकनाचे बोधचिन्ह ठळक छापलेले होते. यादी उघडल्यावर ते त्याच समूहाच्या दुसऱ्या इमारतीचे निघाले, आणि रुग्णावर किरणोपचार जेथे व्हायचे होते त्या इमारतीचे नाव यादीत नव्हतेच. रुग्ण असलेल्या मावशींच्या मुलाने तोवर अनामत भरली होती.

मानांकन खरे असले तरी ते रुग्णालयाच्या कार्यपद्धतीविषयी सांगते. आपल्या रुग्णाच्या विशिष्ट कर्करोगावर तेथे किती अनुभवी हात आहेत, हे त्यावरून कळत नाही. किरणोपचाराच्या यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, आणि तो मानांकनापासून पूर्णपणे वेगळा आहे. टाटा मेमोरियल सेंटरच्या समन्वयाने 2012 पासून चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या (कर्करोगावर उपचार करणाऱ्या संस्थांच्या देशव्यापी जाळ्याच्या) सदस्य संस्थांची यादीही पाहावी, कारण सदस्य संस्थांसाठी उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वे तयार केलेली आहेत. हे सदस्यत्व म्हणजे मानांकन नव्हे, तरीही आमच्या मते ते पाहण्याजोगे आहे. याशिवाय रुग्णालयात शल्यविशारद, केमोथेरपीचे व किरणोपचाराचे तज्ज्ञ एकत्र बसून उपचार ठरवतात का, म्हणजे तेथे ट्यूमर बोर्ड आहे का, हे सरळ विचारावे.

खर्चाचा प्रश्न असेल तर राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची अंगीकृत (योजनेत सामील केलेली) रुग्णालये पाहावीत. एखादे रुग्णालय योजनेत असले तरी ते कर्करोगासाठी अंगीकृत असेलच असे नाही. ही खात्री 155388 या क्रमांकावर किंवा रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडे (योजनेच्या मदतनिसांकडे) दाखल होण्यापूर्वीच करून घ्यावी. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवलेल्या असतात.

अंतराचा विचार लोक सहसा शेवटी करतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात किरणोपचार बहुधा सोमवार ते शुक्रवार असे सहा-सात आठवडे चालतात. हडपसरहून कोथरूडला रोज संध्याकाळच्या गर्दीतून जाणे थकलेल्या माणसाला झेपेल का, हे यादीत दिसत नाही; म्हणून आम्ही प्रत्येक पर्यायापुढे घरापासून लागणारा वेळही लिहून देतो.

आम्ही शुल्क कुटुंबाकडून घेतो. कोणत्याही रुग्णालयाकडून दलाली घेत नाही. वर सांगितलेल्या सर्व याद्या तुमच्यासमोर उघडून त्यांच्या तारखेसह छापील प्रत दिली जाते. कोणता उपचार घ्यावा हे आम्ही सांगत नाही. ते काम डॉक्टरांचे आहे.

येताना सर्व अहवाल, स्कॅनच्या सीडी, शिधापत्रिका आणि आधार कार्ड आणावे. बायोप्सीच्या काचा व मेणाचा ब्लॉक (यांत तपासणीसाठी काढलेला नमुना जतन केलेला असतो) पहिल्या प्रयोगशाळेकडून मागून घ्यावेत आणि पुढे कोणाकडेही देताना लेखी पोच घ्यावी, कारण दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेताना बहुतेक ठिकाणी तोच ब्लॉक मागतात आणि तो हरवला तर रुग्णाची पुन्हा बायोप्सी करण्याची वेळ येऊ शकते.