रेस वाढते, गाडी नाही

केरी सोडून चोर्ला घाट लागला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर भाऊजींनी अॅक्सिलरेटर दाबला. आरपीएमचा काटा एकदम चार हजारांवर गेला, इंजिन ओरडलं, आणि गाडी होती त्याच वेगाने रेंगाळत राहिली. मागच्या सीटवरून आई म्हणाली, ‘‘अहो, गिअर सुटला की काय?’’ आईला गाडी चालवता येत नाही, पण तिचा अंदाज मेकॅनिकच्या तोडीचा होता.

आधी एक खुलासा. ऑटोमॅटिक गाडीत रेस वाढून वेग न वाढणं म्हणजे दर वेळी बिघाड नव्हे. सीव्हीटी जातीच्या गाडीत ठरावीक गिअरच नसतात. चढावर इंजिन एका आवाजात घों घों करत राहतं आणि वेग मागून येतो, हा तिचा स्वभावच आहे. एएमटी म्हणजे आपला साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. तिथे घसरते ती नेहमीची क्लचप्लेट. भाऊजींची गाडी मात्र तिसऱ्या जातीची, टॉर्क कन्व्हर्टरवाली, सहा गिअरची.

या जातीत तर घसरण मुळातच ठेवलेली आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेलाने भरलेला एक डबा असतो, तोच टॉर्क कन्व्हर्टर. त्यात समोरासमोर दोन पंखे. इंजिनचा पंखा तेल भिरकावतो, त्या तेलाच्या जोराने दुसरा फिरतो. म्हणूनच पणजीच्या सिग्नलला गिअरमध्ये उभी असूनही गाडी बंद पडत नाही. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं, तेही मोटारीसाठी नाही, जहाजासाठी! वाफेच्या टर्बाइनचा भन्नाट वेग प्रोपेलरला झेपेल इतका खाली आणायचा होता. दोन पंख्यांच्या मधल्या स्टेटरमुळे, म्हणजे परतणारं तेल वळवणाऱ्या चाकामुळे, गाडी सुटताना ओढ जवळपास दुप्पट होते. वेग आला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जखडतो आणि ही घसरण थांबते.

नको असलेली घसरण होते ती पुढे, गिअरबॉक्सच्या पोटात. तिथले दातेरी चाकांचे संच कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. कुठलं चाक धरायचं आणि कुठलं सोडायचं, यावर गिअर ठरतो. धरण्याचं काम क्लचपॅक करतात: कागदासारखं अस्तर लावलेली एक चकती, मग पोलादाची, मग पुन्हा अस्तराची, अशी चळत. तेलाच्या दाबाने पिस्टन ही चळत आवळतो. दाब कमी पडला किंवा अस्तर झिजलं की चकत्या एकमेकींवर घासतात. घासल्या की तापतात, तापल्या की अस्तर जळतं, आणि मग पकड आणखी सुटते. त्यामुळे ‘बघू या पुढच्या महिन्यात’ हे इथे फार महागात पडतं.

फोंड्याच्या मेस्त्रींनी गाडी बघण्याआधी एकच प्रश्न विचारला, ‘‘रिव्हर्स कसा पडतो?’’ भाऊजी आठवून म्हणाले, अंगणातून मागे घेताना हल्ली दोन-तीन सेकंद लागतात आणि मग धक्का बसतो. मेस्त्रींनी मान डोलावली. सहा गिअरच्या अनेक गिअरबॉक्समध्ये तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स हे तिन्ही एकाच क्लचपॅकवर चालतात. घाटात घसरला तो तिसरा. इथे रिव्हर्सही रडतोय. म्हणजे संशयित एकच.

मग स्कॅनर लावला. कोड आला पी ०७३३, तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर चुकीचं. कॉम्प्युटरचा हिशोब शाळकरी आहे: तिसऱ्याचं गुणोत्तर १.५ असेल आणि गिअरबॉक्समध्ये मिनिटाला २४०० फेरे शिरत असतील, तर बाहेर १६०० पडायला हवेत. १४५० पडले तर उरलेले कुठेतरी घसरले.

तरीही मेस्त्री लगेच गिअरबॉक्स खोलायला धावले नाहीत, आणि चांगला मेकॅनिक मी यावरूनच ओळखतो. आधी गिअरबॉक्सचं तेल. या गाडीला ते मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, नाही. कंपनीने सांगितलेल्या तापमानाला, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून खालचा बोल्ट काढायचा आणि तेल जेमतेम ठिबकतंय का ते पाहायचं. कमी तेल वाईट, कारण पंप हवा ओढतो. जास्तही वाईट, कारण फिरती चाकं ते घुसळून फेस करतात. हवा दबते, तेल दबत नाही. फेसातून दाब पोचणार कसा? आमच्या गाडीत एक थेंबही आला नाही. काढलेलं तेल लाल सोडून तपकिरी झालेलं, वास करपलेला. (पुराच्या पाण्यातून आलेल्या गाडीत ते स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसतं. पाणी शिरलं की चकत्यांचं अस्तर सुटू लागतं.) पॅनमधल्या चुंबकावरची बारीक राखाडी पूड चालते, पण आमच्या पॅनच्या तळाशी अस्तराचा काळा गाळ होता.

एवढ्यावर नुसतं तेल बदलून भागत नाही. ‘घसरण थांबवा’ म्हणणाऱ्या बाटल्यांनीही जळलेलं अस्तर परत उगवत नाही. गिअरबॉक्स उतरला, त्या पॅकच्या चकत्या आणि पिस्टनचे कडक झालेले सील बदलले, हे तेल थंड करणारा कूलर धुतला, कंपनीच्या नंबरचंच तेल भरलं आणि कॉम्प्युटरला नव्या चकत्यांची ओळख करून दिली.

तेल गेलं कुठे? कूलरच्या नळीच्या जोडातून, थेंब थेंब. पोर्चमध्ये गाडीखाली रोज ओल दिसायची. गोव्याच्या दमट हवेत एसीचं पाणी ठिबकतच असतं, म्हणून कुणी वाकून पाहिलं नाही. एसीचं पाणी वाळून गेलं. लादीवरचा तांबूस डाग आई अजून घासते आहे.