मळणीआधी वाचा: हार्वेस्टरमधली भेसळ आमच्या चाळणीत निघत नाही

"थोडी भेसळ झालीय, तुमच्या मशीनला लावून काढून टाका ना." हंगाम सुरू झाला की आमच्या बियाणे प्रक्रिया प्लांटवर, म्हणजे जिथे तुमचं बियाणं चाळून साफ होतं तिथे, हे वाक्य रोज ऐकायला मिळतं (भेसळ म्हणजे दुसऱ्या वाणाचे किंवा पिकाचे दाणे मिसळणं), आणि दरवेळी ट्रॉली दारात उभी असताना समजावून सांगावं लागतं, तेव्हा ना तुमच्याकडे वेळ असतो ना आमच्याकडे. म्हणून हे पत्रक मळणीच्या आधीच तुमच्या हातात देतोय. बीजोत्पादन तुम्हाला नवीन नाही, टॅग (पोत्यावरची प्रमाणीकरणाची चिठ्ठी), तपासणी, लॉट (एका शेताचा वेगळा ठेवलेला माल) हे सगळं तुम्ही जाणता, त्यामुळे अ-आ-इ पासून सुरुवात करत नाही. बोलायचं आहे ते मुख्यतः हार्वेस्टर आणि मळणी मशीनच्या साफसफाईबद्दल.

आधी आमची मशीनं काय करतात ते बघा. वरच्या-खालच्या चाळण्या दाण्याची जाडी आणि रुंदी बघतात. पंखा हलकं काढतो, भुसा, पोचट दाणे, काडी. खाचांचा ड्रम असतो तो लांबी बघतो, म्हणून तुटलेला गहू आणि अख्खा गहू वेगळा होतो. ग्रॅव्हिटी टेबल वजनाचा फरक पकडतं, किडका आणि आतून पोकळ दाणा दिसायला सारखाच असला तरी तिथे बाजूला सरकतो. सोयाबीनला स्पायरल, म्हणजे गोल गोल उतरणारी घसरगुंडी, लावतो, गोल दाणा बाहेरच्या कडेने पळतो, डाळ झालेला आणि चपटा आतच राहतो. म्हणजे जाडी, लांबी, वजन, आकार, फारतर रंग. वाण कुठलं हे ओळखणारी चाळणी अजून कोणी बनवलेली नाही. दोन वाणांचा गहू एकाच मापाचा असेल तर तो सगळ्या मशीनमधून हातात हात घालून बाहेर येतो आणि एकाच पोत्यात बसतो. गव्हात सातू, ओट, ट्रिटिकेल (गहू आणि राय यांचा संकर) आले तरी तीच पंचाईत, त्यांना तर प्रमाणीकरणाच्या नियमांमध्ये 'वेगळी न होणारी पिकं' म्हणूनच धरलंय, म्हणजे ती शेतातच उपटायची.

वाण ओळखू येतं ते उभ्या पिकात. उंची, ओंबीचा आकार, कुसळ आहे की नाही, पानाचा रंग, कोणतं आधी पिकलं. म्हणून तर तपासणीला माणूस शेतात येतो. एकदा मळणी झाली की ही सगळी ओळख भुशात जाते आणि उरतो फक्त दाणा.

इथे एक गैरसमज बऱ्याच जणांचा आहे. लॅबच्या रिपोर्टवर शुद्धता ९९ टक्के आली की वाटतं जिंकलो. पण ती भौतिक शुद्धता. गव्हाचा १२० ग्रॅमचा नमुना टेबलावर पसरून त्यात गव्हाचे दाणे किती, दुसऱ्या पिकाचे किती, काडीकचरा किती एवढंच बघतात, दुसऱ्या वाणाचा गहू त्यात 'शुद्ध गहू' म्हणूनच मोजला जातो. वाणाची शुद्धता कळते ती ग्रो-आउट प्लॉटवर, बियाणं पेरून, झाडं मोजून, आणि तोपर्यंत तुमचं बियाणं कोणाच्या तरी शेतात पडलेलं असतं. तक्रार तिथून येते.

आता भेसळ येते कुठून? तुम्ही पायाभूत बियाणं (ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार करतात ते) टॅग बघून घेता, पावती जपून ठेवता, विलगीकरणाचं, म्हणजे दुसऱ्या वाणाच्या शेतापासूनचं, अंतर पाळता, उन्हातान्हात ओळीओळीने फिरून भेसळ झाडं उपटता, तपासणीत शेत पास होतं. पूर्ण हंगामाची ही मेहनत. आणि शेवटच्या दिवशी ढग आले म्हणून शेजारच्या शेतातून हार्वेस्टर जसाच्या तसा आपल्या बांधावर घेता. त्या मशीनच्या पोटात शेजाऱ्याचं वाण असतं. ड्रायव्हर म्हणतो टाकी रिकामी आहे, आणि टाकी खरंच रिकामी असते, पण मशीन रिकामं नसतं. या दोन गोष्टींतला फरक समजला तर या पत्रकाचं काम झालं.

हिशोब करून दाखवतो. गव्हाचे हजार दाणे साधारण ४० ग्रॅम भरतात, म्हणजे किलोत २५ हजार दाणे. मशीनमध्ये अडकलेला १० किलो गहू म्हणजे अडीच लाख दाणे. तुमचा लॉट २ टनांचा असेल तर भेसळ झाली अर्धा टक्का. देशोदेशींच्या बियाणे व्यापारात जी ओईसीडीची (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेची) योजना १९५८ पासून चालते, तिच्यात पहिल्या पिढीच्या प्रमाणित गव्हाला वाणशुद्धता ९९.७ टक्के लागते आणि त्याच्या वरच्या पायरीच्या, पांढऱ्या टॅगच्या बियाण्याला ९९.९. म्हणजे हजारात ३ दाणे किंवा हजारात १. अर्ध्या टक्क्याचा लॉट दोन्हीकडे बाद, आणि शेतात तर एकही भेसळ झाड नव्हतं! लहान लॉटवाल्यांनी तर जास्तच जपायला हवं कारण अडकलेला माल तेवढाच असतो आणि तो पसरायला पोती कमी.

मशीनच्या पोटात माल कुठे बसतो

पुढून मागे आणि वरून खाली असा क्रम ठेवा, म्हणजे वरची घाण साफ केलेल्या भागावर पुन्हा पडत नाही. कटरबारच्या मागचा पत्रा आणि तिथला आडवा स्क्रू, त्याच्या दोन्ही टोकांना दाणे साचतात. मग दगड पडायची खाच, ती बहुतेक ड्रायव्हर उघडतच नाहीत, आत दाणे आणि मातीचा घट्ट थर असतो, खिळ्याने उकरावा लागतो. मळणीच्या ड्रमखालची जाळी, प्रत्येक तारेमागे ओंबीचे तुकडे. माल वर नेणाऱ्या दोन्ही एलिव्हेटरच्या तळाला झाकणं असतात, स्वच्छ दाण्याच्या आणि पुन्हा मळणीला परत फिरणाऱ्या मालाच्याही, दोन्ही उघडायची, खाली घमेलं धरलं तर किती माल पडतो ते तुमचं तुम्हालाच दिसेल. टाकीचे कोपरे आणि टाकी रिकामी करायच्या नळीचा स्क्रू, हा सगळ्यात मोठा चोर, कारण स्क्रू आणि नळीच्या मधल्या फटीत शेवटचा माल नेहमी राहतो. शेवटी मागच्या चाळण्या, काढून झटकल्याशिवाय साफ होत नाहीत.

पद्धत अशी की आधी शेजारच्या शेतातच, तुमच्या शेतात नाही, मशीन रिकामं ठेवून पंखा पूर्ण जोरात, चाळण्या आणि जाळी पूर्ण उघड्या करून काही मिनिटं चालवायचं, नळीही चालू ठेवायची. बराचसा सैल माल इथेच पडतो. मग इंजिन बंद, चावी ड्रायव्हरच्या नाही तर आत हात घालणाऱ्याच्या खिशात, पुढचा कटर वर उचलला असेल तर त्याला लॉक, आणि मगच झाकणं उघडायची. याबाबतीत घाई अजिबात नको, स्क्रूमध्ये बोटं गेलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. नंतर कॉम्प्रेसर किंवा ब्लोअरने हवा मारायची. पाणी मारू नका, ओला दाणा चिकटून बसतो आणि पुढे तो सुकून तुमच्याच मालात पडतो.

एवढं केलं तरी काही दाणे राहतातच, म्हणून पहिली टाकी बियाण्यात धरायची नाही. कडेच्या पट्ट्यापासून सुरुवात करा, नाहीतरी कडेला शेजारच्या पिकाची झाडं मिसळायची शक्यता जास्त, तो माल मशीन धुऊन काढायचं काम करतो आणि धान्य म्हणून विकता येतो. बऱ्याच जणांना हे नुकसान वाटतं. पण पहिली टाकी बियाण्याऐवजी धान्याच्या भावाने गेली तर फरक तेवढ्याच मालाचा, लॉट बाद झाला तर फरक सगळ्याच मालाचा.

ज्यांच्याकडे पायाभूत आणि प्रमाणित दोन्ही प्लॉट आहेत त्यांनी पायाभूत आधी काढावा. दोन वाणं असतील तर शक्यतो एक पूर्ण संपवून, साफ करून, मग दुसरं. मळणी मशीन वापरणाऱ्यांनाही हेच सगळं लागू, फक्त मशीन लहान म्हणून साफसफाई सोपी, त्यात खळ्याची जमीन आणि ताडपत्रीही आली. ताडपत्री उलटी करून झटका, दुमडलेल्या कडेत मागच्या हंगामाचे दाणे असतात. जुनी पोती तर नकोच, शिवणीत अडकलेला दाणा कितीही झटकलं तरी निघत नाही. ट्रॉलीच्या फळ्यांच्या फटी झाडूने नाही, हवेनेच साफ होतात.

आम्ही माल का थांबवतो

काहींना राग येतो की आम्ही गेटवरच मशीनबद्दल विचारतो, कोणाचा हार्वेस्टर, आधी कुठे चालला, साफ केला का, पहिली टाकी वेगळी काढली का. आम्ही हे तुमच्या लॉटच्या कागदावर लिहून घेतो आणि उत्तर समाधानकारक नसेल तर हातात दाणे घेऊन बघतो. कधीकधी माल परत पाठवतो. हे अडवणूक म्हणून नाही. तुमचा लॉट आमच्या प्लांटमधून जातो तेव्हा त्याच्या मागे दुसऱ्या बीजोत्पादकाचा लॉट रांगेत असतो, आणि तुमच्यातली भेसळ आमच्या एलिव्हेटरमध्ये राहून त्याच्यात जाऊ शकते. हार्वेस्टरला जो नियम तोच आम्हाला. म्हणून प्रत्येक वाण बदलताना आम्ही प्लांट थांबवतो, एलिव्हेटरचे तळ उघडतो, चाळण्या उतरवतो, हवा मारतो. लहान लॉट चाळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ कधीकधी फक्त सफाईत जातो, आणि 'शेजारच्या प्लांटवर लगेच होतं' असं कोणी म्हणालं तर त्यांनी तिथे एवढंच विचारावं की आधीचा लॉट कुठला होता.

यंदापासून म्हणूनच एकेका वाणाचे दिवस ठरवून देतोय, एका वाणाचे सगळे लॉट सलग घेतले की सफाईचे फेरे कमी होतात आणि तुमची रांगेतली वाट कमी होते. लॉट मात्र प्रत्येकाचा वेगळाच राहील, दोन शेतांचा माल एकाच ट्रॉलीत भरून 'दोन्ही आपलेच आहेत' म्हणू नका, दोन्हीची तपासणी वेगळी झालेली असते आणि एक शेत अडलं तर दुसरंही त्याच्याबरोबर अडकतं.

ओलावा आणि ड्रमचा वेग

हे थोडक्यात. फार ओला माल ड्रममध्ये चेंगरतो आणि फार वाळलेला फुटतो. सोयाबीन यात सगळ्यात नाजूक, त्याचा अंकुर पातळ सालीच्या अगदी खाली असतो, ओलावा १० टक्क्यांच्या खाली गेल्यावर जोरात मळलं की वरून दाणा ठीक दिसतो पण उगवण जाते. ड्रमचा वेग जेवढ्यात शेंगा मोकळ्या होतात तेवढाच ठेवा, थोड्या शेंगा न फुटता मागून गेल्या तरी चालेल. शंका असेल तर मूठभर सोयाबीन आणा, सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणात टाकलं की साल फुटलेले दाणे दहा-पंधरा मिनिटांत टम्म फुगतात, ते मोजून तिथल्या तिथे कळतं की ड्रम हळू करायला हवा. मळणी चालू असतानाच आणलं तर उपयोग आहे, सगळी मळणी संपल्यावर आणलं तर फक्त किती नुकसान झालं एवढंच कळेल.

साठवणुकीत ओलावा १ टक्क्याने कमी झाला की बियाण्याचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, आणि तापमान ५ अंशांनी कमी झालं तरी दुप्पट. ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या मध्ये असेल तोवर हा अंदाज चांगला लागू पडतो. वाळवताना गरम हवा लावणार असाल तर ४० अंशांच्या आतच ठेवा, धान्य त्यापुढेही चालतं पण बियाणं मरतं.

घरी गोणपाटात उगवण घेऊन बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गहू नुकताच काढलेला असेल तर तो झोपेत असतो, सुप्तावस्थेत, उगवण कमी दिसते म्हणून घाबरून फोन करू नका. लॅबमध्ये त्याला आधी थंडावा देऊन उठवतात आणि मग मोजतात. आणि लॅबचा रिपोर्ट लवकर मागून येत नाही, ४०० दाण्यांची टेस्ट असते, गव्हाची आणि सोयाबीनची शेवटची मोजणी आठव्या दिवशी, भाताची चौदाव्या दिवशी. आम्हाला कितीही आग्रह केला तरी दाणा त्याच्या वेळेनेच उगवतो.

या हंगामात आमच्याकडे काय आहे

आमच्याकडे नोंदवलेल्या लॉटसाठी मॉइश्चर मीटरवर तपासणी मोफत, कितीही वेळा आणा. नमुना मात्र प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून, कागदाच्या पुडीत आणला तर वाटेतच वाळतो आणि आकडा फसवा येतो. हार्वेस्टर सफाईसाठी कॉम्प्रेसर आणि लांब नळी आम्ही देतो, हवा असेल तर माणूसही येईल, झाकणं कुठे आहेत ते त्याला माहीत आहे आणि ड्रायव्हरशी बोलणंही त्याला जमतं. आदल्या दिवशी कळवा म्हणजे दोघांकडे एकाच वेळी जायची वेळ येणार नाही. नवीन पोती प्लांटवरच मिळतील, लॉट नंबर छापून. ज्यांचा हार्वेस्टर आमच्या माणसासमोर साफ झाला त्यांच्या कागदावर तशी नोंद असेल आणि गेटवरची प्रश्नोत्तरं टळतील.

ट्रॉली भरायच्या आधी एक किलोचा नमुना आणि शेताच्या तपासणीचा कागद घेऊन या. नमुन्यातला अर्धा आम्ही तुमच्यासमोर सील करून ठेवतो, अर्धा तुमच्याकडे, पुढे काही वाद झाला तर दोघांकडे तोच माल असेल. त्याच वेळी ओलावा बघून तारीख लिहून देऊ, ओलावा जास्त असेल तर वाळवून झाल्यानंतरची.