आकडा डेटाबेसचा, की मोजणाऱ्याचा?

पाडवा जवळ आला की रत्नागिरी-देवगडच्या आंबा बागायतदारांच्या फोनला उसंत नसते. आता बऱ्याच ऑर्डरी वेबसाइटवरून येतात आणि प्रत्येक पेटीची नोंद कुठल्यातरी डेटाबेसात पडते. शंभर गिऱ्हाइकांनी एकदमच बटण दाबलं तर तो तग धरेल का, हे हंगामाआधी कळलेलं बरं. बेंचमार्क करणारी साधनं त्यासाठीच असतात. ती खोटी गिऱ्हाइकं होऊन डेटाबेसवर तुटून पडतात आणि सेकंदाला किती व्यवहार पुरे झाले ते सांगतात.

ॲलेक्सी कोपितोव्ह यांनी २००४ च्या सुमारास सुरू केलेलं सिसबेंच हे त्यातलं एक नावाजलेलं. सोर्स कोडवरून ते बांधायचं, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम करायचा, तर ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट आधी तुमचं मशीन चाचपते. सिसबेंच मुळात मायएसक्यूएल हा डेटाबेस गृहीत धरतं. त्याची लायब्ररी (त्याच्याशी बोलायचा तयार कोड) सापडली नाही तर तिथेच अडतं. पोस्टग्रेस (दुसरा एक डेटाबेस) हवं असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं.

अडणारी चूक परवडली, कारण ती दिसते. खरा घोळ ऑप्टिमायझेशनचा, म्हणजे बांधताना कोड वेगवान करून घेण्याचा. ‘ओ-झीरो’ पातळीवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असताना, कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) कोडचं सरधोपट भाषांतर करतो, जवळपास प्रत्येक किंमत पुन्हापुन्हा मेमरीत ठेवतो-काढतो. ‘ओ-टू’ला तीच किंमत प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये (त्याच्या आतल्या झटपट जागेत) राहते, छोटी फंक्शन्स जागच्या जागी मिसळली जातात. सीमेक या बांधणीच्या साधनाने एखादा प्रोग्राम बांधताना बिल्ड टाइप (बांधणी चाचणीसाठी की वापरासाठी ते) दिला नाही आणि प्रकल्पानेही तो ठरवलेला नसला, तर ऑप्टिमायझेशनचा फ्लॅगच (कंपायलरला द्यायची सूचना) जात नाही आणि जीसीसी हा कंपायलर मुकाट्याने ओ-झीरो धरतो. मोजणारा प्रोग्राम मंद होतो, पण चालतो, तक्रार कसलीच नाही. त्यात चुका शोधणारा ॲड्रेस सॅनिटायझर चालू राहिला असेल तर वेग साधारण निम्म्यावर. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत तिकीट फाडणाराच सुस्त असावा आणि बोल बोटीला लागावा, तशी गत.

उलटंही घडतं. पोस्टग्रेसच ‘एनेबल-कॅसर्ट’ देऊन बांधलेलं असेल तर ते पावलोपावली स्वतःची तपासणी करत बसतं. डेव्हलपरला हे हवंच असतं, पण असल्या बिल्डवर वेग मोजण्यात काही अर्थ नाही. ‘पीजी-कॉन्फिग’ ही आज्ञा कोणत्या पर्यायांनी आणि फ्लॅगांनी बांधणी झाली ते सांगते. ती आधी चालवावी.

नव्या लॅपटॉपवर ‘मार्च-नेटिव्ह’ (याच प्रोसेसरसाठी बांध) फ्लॅगने बांधलेलं साधन दुकानातल्या जुन्या मशीनवर नेलं, तर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळू शकतं. त्या प्रोसेसरला नव्या सूचना ठाऊकच नसतात.

चाचणी चालू असताना शेजारच्या खिडकीत ‘टॉप’ (कोणता प्रोग्राम किती सीपीयू खातोय ते दाखवणारी आज्ञा) उघडा. सिसबेंच सीपीयू पिऊन टाकतंय आणि डेटाबेस निवांत आहे, असं दिसलं तर पुढे आलेला आकडा सिसबेंचचा समजावा.