दूरवैद्यक सेवांचा स्वीकार (पुणे)

दूरवैद्यक सेवांचा स्वीकार : रुग्ण व डॉक्टर वेगवेगळ्या ठिकाणी असताना दूरसंचार साधनांनी घेतला जाणारा सल्ला म्हणजे दूरवैद्यक, बोलीत ‘टेलिमेडिसिन’ हाच शब्द रूढ.

आरंभाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो डच शरीरक्रियावैज्ञानिक व्हिलेम आइंटहोव्हेन यांच्यापर्यंत नेतात. लायडन येथे सु. १९०५ मध्ये त्यांनी रुग्णालयातील रुग्णांचे हृदयालेख टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किमी. अंतरावरील प्रयोगशाळेत नोंदवले. परंतु तेथे नुसता आलेख पोहोचला, सल्ला परत आला नाही. त्यामुळे १९६४ मध्ये अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील मनोरुग्णालये दुहेरी दूरचित्रवाणीने जोडली गेली, तो आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. भारतात ‘इस्रो’चे उपग्रहाधारित प्रयोग २००१ च्या सुमारास सुरू झाले.

स्वीकार लांबला तो मुख्यतः कायद्यामुळे, यंत्रांमुळे नव्हे. फोनवरून सांगितलेल्या उपचारांच्या एका प्रकरणात, रत्नागिरीच्या डॉक्टर दांपत्याला मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अटकपूर्व जामीन नाकारला. राज्यभरातील डॉक्टर फोनवर औषध सांगण्यास कचरू लागले. महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले आणि २५ मार्चला दूरवैद्यकाला परवानगी देणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांनुसार रुग्णाने स्वतः फोन केल्यास त्याची संमती गृहीत धरली जाते; चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक लागतो; औषध नियमांतील अनुसूची ‘एक्स’मधील कडक नियंत्रणाखालची औषधे दुरून लिहून देता येत नाहीत.

‘ई-संजीवनी’ ही सरकारी दूरवैद्यक सेवा सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेने घडवली. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात असल्याने तिचे श्रेय अनेकदा पुण्याला दिले जाते. प्रत्यक्षात ते काम मोहाली केंद्राचे. वेल्हे (आता राजगड), भोरसारख्या डोंगराळ तालुक्यांत तिचा उपयोग उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यावर अवलंबून असतो. रक्तदाब तोच मोजतो, डॉक्टरांशी तोच बोलतो, गोळ्या कशा घ्यायच्या हेही तोच समजावतो. रेंज असूनही ही मधली व्यक्ती नसेल, तर सेवा कागदावरच राहते.

शहरातील अडचण निराळी. पेठेतल्या वाड्यात एकट्या राहणाऱ्या आजींच्या नावाचा ओटीपी परगावच्या मुलाच्या मोबाईलवर जातो. त्या गोळ्यांची पट्टी कॅमेऱ्यापुढे उलटी धरतात. नव्या डॉक्टरांना पडद्यावर गाठण्यापेक्षा जुन्या फॅमिली डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवणे अशा घरांना सोपे वाटते. अशा सल्ल्याची नोंद मात्र बहुधा कोठेच राहत नाही. ‘आभा’ या १४ अंकी आरोग्य-खाते क्रमांकाचा हेतू नोंदी एकत्र आणण्याचा आहे (२०२१ पासून देशभर). खासगी ॲपसेवा : पहा औषधविक्री, ऑनलाइन.