चौदा दिवसांची बेगमी : टाळेबंदी कधी उठवायची या वादाची पार्श्वभूमी

टाळेबंदी कधी उठवायची यावर वाद पेटला की दोनच बाजू समोर येतात. एक म्हणते जीव वाचवा, दुसरी म्हणते व्यवहार सुरू करा. घराची बाजू सहसा कोणी मांडत नाही. घरात किती दिवस पुरेल एवढं धान्य, औषध आणि रोख रक्कम आहे, यावर निर्बंध प्रत्यक्षात किती काळ पाळले जाणार हे बऱ्याच अंशी ठरत आलेलं आहे. तरी घराने किती दिवसांची बेगमी करावी हा आकडा आणि निर्बंध किती दिवस चालतील हा आकडा, हे दोन्ही वेगवेगळ्या टेबलांवर, वेगवेगळ्या लोकांनी ठरवले. त्यांची गाठ पडली ती थेट २०२० मध्ये, आणि तीही फार वाईट पद्धतीने.

जुन्या प्लेगांच्या काळात हा प्रश्न तुलनेने सरळ होता. ज्याने दार बंद केलं त्यानेच आतल्यांना जेवू घालायचं. फ्लॉरेन्समध्ये १६३१ च्या जानेवारीत शहराला चाळीस दिवस घरात बसवलं, तेव्हा पाव, वाइन आणि मांसाचा शिधा सार्वजनिक खर्चातून दारोदार पोचवला गेला. लंडनमध्ये १६६५ साली रोगी सापडलेलं घर बाहेरून बंद करत आणि दाराशी पहारेकरी ठेवत. आतल्यांना लागेल ते आणून देणं हे त्या पहारेकऱ्याचंच काम होतं. ही व्यवस्था क्रूर होती आणि पुष्कळदा अपुरी पडली. पण कोंडणाऱ्याची जबाबदारी काय, हे त्यात स्पष्ट होतं.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झात ही जबाबदारी चर्चेतूनच गेली, कारण अमेरिकी शहरांनी तेव्हा बंद केलं ते मुख्यतः शाळा, चर्च, नाट्यगृहं आणि सभा. लोक कामावर जात होते आणि बाजार बहुतेक ठिकाणी चालू होते. त्यामुळे उघडण्याची मागणी घरांपेक्षा करमणुकीच्या धंद्यातून जास्त जोरात आली. डेन्व्हरने ११ नोव्हेंबरला, युद्ध संपल्याच्या दिवशीच, निर्बंध उठवले. रुग्ण वाढले म्हणून जेमतेम दोन आठवड्यांत पुन्हा बंदी घातली, आणि नाट्यगृहवाल्यांच्या दबावामुळे ती लगेच मागे घेऊन मास्कची सक्ती केली. सॅन फ्रान्सिस्कोत २१ नोव्हेंबरच्या दुपारी भोंगे वाजवून मास्क उतरवले, जानेवारीत ते पुन्हा चढवावे लागले. २००७ मध्ये या शहरांच्या जुन्या नोंदी तपासणारे अभ्यास आले. लवकर बंद करणाऱ्या शहरांत मृत्यूंचं शिखर बुटकं राहिलं आणि निर्बंध सैल झाल्यावर अनेक ठिकाणी दुसरं शिखर आलं, हे त्यांतून दिसलं. पुढच्या सगळ्या योजनांचा पाया हेच अभ्यास. मात्र घरातल्या साठ्याबद्दल त्या नोंदी काहीच शिकवत नव्हत्या, आणि ही उणीव योजनांमध्ये जशीच्या तशी उतरली.

त्याआधी २००३ मध्ये टोरंटोने सार्स या श्वसनरोगाच्या साथीच्या निमित्ताने आणखी एक धडा दिला होता. मे महिन्याच्या मध्यावर साथ संपली असं मानून आणीबाणी उठवली, रुग्णालयांतली खबरदारी सैल केली. काही दिवसांतच एका पुनर्वसन रुग्णालयातून नवे रुग्ण पुढे आले. साथ तिथे आधीपासून नजरेआड पसरत होती. आकडा शून्यावर दिसतो तेव्हा तो कालपरवाचं चित्र दाखवतो, आजचं नाही, हे तिथे महागात पडून कळलं.

मग बर्ड फ्लूची धास्ती आली. २००६ च्या सुमारास अमेरिकी कुटुंबांना महासाथीसाठी दोन आठवड्यांचं अन्नपाणी घरात ठेवा असा सल्ला पत्रकांतून दिला जाऊ लागला. दुकानापर्यंत जाता आलं नाही किंवा दुकानातला माल संपला तर निभावून जावं, हा त्यामागचा हेतू. वादळ आणि भूकंपासाठी चालत आलेल्या तीन दिवसांच्या सल्ल्याचं हे लांबवलेलं रूप होतं. फेब्रुवारी २००७ मध्ये तिथल्याच मार्गदर्शक आराखड्याने सर्वांत गंभीर साथीत शाळा बारा आठवड्यांपर्यंत बंद ठेवण्याची तरतूद केली. म्हणजे मुलं बारा आठवडे घरी आणि शिधा दोन आठवड्यांचा. शाळा बंद म्हणजे दुकानं बंद नव्हेत, हे खरं. पण मुलं घरी म्हणजे कित्येक घरांत एक कमाई बंद, आणि एक कमाई बंद झाली की दुकान उघडं असून उपयोग नसतो. या दोन आकड्यांमधलं दहा आठवड्यांचं अंतर कोण भरून काढणार, याचं उत्तर द्यायची वेळ २०२० पर्यंत आली नाही.

२००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये या योजनेची चाचणी झाली, पण चुकीच्या बाजूने. रुग्ण सापडलेली शाळा चौदा दिवस बंद ठेवा असं अमेरिकेत १ मे रोजी सांगितलं गेलं. आजार अपेक्षेपेक्षा सौम्य दिसला आणि पालकांची ओढाताण वाढली, तेव्हा ५ मे रोजी तो सल्ला मागे घेतला. निर्णय वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होता. पण साठा करून ठेवा या सूचनेचं वजन त्यानंतर उरलं नाही असं माझं मत आहे. पुढच्या दहा वर्षांत तयारी करणारा माणूस म्हणजे घाबरट किंवा साठेबाज, अशी प्रतिमा घट्ट होत गेली.

२०१४ मध्ये लायबेरियाच्या मोनरोव्हिया शहरातल्या वेस्ट पॉइंट वस्तीत जे झालं, त्याचा उल्लेख टाळेबंदीच्या चर्चांमध्ये फार कमी येतो. तो यायला हवा. २० ऑगस्टला सकाळी इबोलासाठी ती दाटीवाटीची वस्ती एकवीस दिवसांसाठी वेढली गेली. राहणाऱ्यांचं हातावरचं पोट. आतल्या वस्तूंचे भाव भडकले, लोक अडथळ्यांवर चालून गेले, गोळीबारात एक पंधरा वर्षांचा मुलगा गेला. दहा दिवसांत, म्हणजे मुदत निम्मीही व्हायच्या आत, वेढा उठवावा लागला. एकवीस हा आकडा विषाणूच्या अधिशयन काळावरून, म्हणजे संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळावरून, काढला होता. वस्तीतल्या चुली किती दिवस पेटतील यावरून तो काढलेला नव्हता.

आता २०२० कडे. त्या वर्षी ‘चौदा दिवस’ हा एकच आकडा तीन वेगळ्या अर्थांनी लोकांच्या कानावर आदळत होता आणि गोंधळाचं मूळ तिथे आहे. पहिले चौदा दिवस विलगीकरणाचे: संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जास्तीत जास्त साधारण एवढा काळ जातो, म्हणून संपर्कात आलेल्याने तेवढे दिवस वेगळं राहायचं. दुसरे घरातल्या शिध्याचे, जुन्या पत्रकांतून आलेले आणि मार्चमध्ये पुन्हा वाटले गेलेले. तिसरे निर्बंध उठवण्याचे. साध्या माणसाने या तिन्हींची बेरीज अशी केली की दोन आठवडे घरात बसायचं, दोन आठवड्यांचं सामान आहे, मग सुटका. अधिकृत घोषणांनीही हाच समज पक्का केला. अमेरिकेत १६ मार्चला पंधरा दिवसांची हाक दिली, ती एप्रिलअखेरपर्यंत लांबली. भारतातल्या एकवीस दिवसांचे चार टप्प्यांत अडुसष्ट दिवस झाले, त्या दिवसांत रस्त्यांवर काय घडलं हे वाचकांना नव्याने सांगायला नको.

तिसऱ्या चौदांवर थोडं थांबायला हवं. १६ एप्रिल २०२० रोजी वॉशिंग्टनमधून राज्यांसाठी उघडण्याचे निकष जाहीर झाले. लक्षणांच्या नोंदी चौदा दिवसांच्या काळात उतरत्या असाव्यात. नोंदलेले रुग्ण किंवा चाचण्यांतलं बाधितांचं प्रमाण, यांपैकी एक चौदा दिवस उतरतं असावं. रुग्णालयांना आणीबाणीचे उपाय न करता सगळ्यांवर उपचार करता यावेत. प्रत्येक पुढच्या टप्प्यासाठी ही कसोटी पुन्हा लावायची. वाचताना काटेकोर वाटतं. पण उतरतं म्हणजे रोज उतरतं की सरासरीने? शनिवार-रविवारी नोंदी कमी होतात, त्यांचं काय करायचं? आणि त्या ‘किंवा’मधून तर बैलगाडी निघून जाईल एवढी वाट होती, कारण रुग्ण वाढत असतानाही चाचण्या वाढवल्या की प्रमाण उतरलेलं दाखवता येतं. निकष सक्तीचे नव्हते, निर्णय राज्यांचा होता.

जॉर्जिया राज्याने २४ एप्रिलला, म्हणजे निकष जाहीर झाल्यावर आठ दिवसांत, व्यायामशाळा आणि केशकर्तनालयं उघडायला परवानगी दिली. २० मेपर्यंत पन्नासही राज्यांनी काही ना काही सैल केलं होतं, आणि त्यांतल्या अनेकांचे आकडे त्या चौदा दिवसांत उतरलेले नव्हते. २६ जूनला टेक्सास आणि फ्लोरिडाने बारमधलं मद्यपान पुन्हा बंद केलं. घाईने उघडणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे आणि मी तो देतोही. पण त्या राज्यांतल्या लाखो घरांत शिधा आणि पगार दोन्ही एप्रिलमध्येच संपत आले होते. बेरोजगार भत्त्याच्या यंत्रणा अर्जांच्या ओझ्याखाली कोलमडल्या होत्या, अन्नदान केंद्रांबाहेर मोटारींच्या मैल-मैल रांगा होत्या. रोग ओसरायला लागणारा वेळ आणि घराला तग धरता येईल असा वेळ यांत तफावत होती. ती भरून काढायचं काम ज्यांचं होतं त्यांनी निकषांचा कागद दिला.

न्यूझीलंडने वेगळं काय केलं ते थोडक्यात पाहण्यासारखं आहे. टाळेबंदीच्या आधीच वेतन अनुदान जाहीर झालं. निर्बंधांच्या चार पातळ्यांची रचना लोकांना २१ मार्चला समजावून सांगितली, पुढचा निर्णय कोणत्या तारखेला होईल हेही कळवत राहिले. चार आठवडे सांगितले होते, प्रत्यक्षात तेहतीस दिवस झाले. पाच दिवस वाढले तेव्हा कुरकुर झाली, पण घरं उघड्यावर पडली नाहीत. डेन्मार्कने उलट्या टोकाने सुरुवात केली: १५ एप्रिलला पाळणाघरं आणि खालचे वर्ग आधी उघडले, कारण लहान मूल घरी असलेल्या पालकाला काम करता येत नाही. काही पालकांनीच ‘आमची मुलं प्रयोगासाठी नाहीत’ अशा अर्थाची मोहीम चालवली. तरीही उघडण्याचा क्रम घराच्या गरजेवरून ठरवलेला हा दुर्मीळ निर्णय होता.

मेलबर्नमध्ये ४ जुलै २०२० च्या दुपारी नऊ सरकारी निवासी इमारतींना तिथल्या तिथे कुलूप लागलं. सुमारे तीन हजार माणसं. पूर्वसूचना नाही, त्यामुळे बेगमी करायला एक तासही नाही. अन्न उशिरा आलं, काहींना न चालणारं आलं, औषधं अडकली. पुढे अधिकृत चौकशीत त्या तातडीच्या कोंडीने मानवी हक्कांच्या कायद्याचा भंग झाला असा निष्कर्ष निघाला.

शांघायमध्ये २०२२ साली हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. २८ मार्चपासून शहराचे दोन भाग पाळीपाळीने चार-चार दिवस बंद राहतील असं सांगितलं होतं. लोकांनी तेवढ्याच दिवसांचं सामान भरलं, शहाण्या कुटुंबांनी थोडं जास्त. शहर खऱ्या अर्थाने उघडलं ते १ जूनला. मधल्या काळात अडीच कोटींच्या शहरात शेजाऱ्यांनी मिळून घाऊक खरेदीच्या टोळ्या केल्या, सरकारी शिध्याच्या पिशव्या कुठे पोचल्या कुठे नाही. चार दिवस सांगून दोन महिने ठेवणं हा अंदाज चुकल्याचा प्रकार म्हणून सोडून देता येत नाही. घराने किती साठवायचं हे तुम्ही सांगितलेल्या तारखेवरूनच ठरत असतं. त्याच देशात डिसेंबरमध्ये निर्बंध एकदम उठले, तेव्हा उलट अडचण आली: तापाच्या साध्या गोळ्या औषधांच्या दुकानांतून गायब झाल्या, कारण उघडण्यासाठी घरात काय लागेल हेही आधी कोणी सांगितलं नव्हतं.

एवढं सगळं होऊन गेल्यावर, मार्च २०२५ मध्ये युरोपीय देशांच्या संयुक्त सज्जता धोरणात नागरिकांनी घरात किती साठा ठेवावा याचा आकडा आला आहे. तो बहात्तर तासांचा आहे. युद्ध, वीज जाणं, पूर आणि साथ या सर्वांसाठी एकच, बाहेरची मदत पोचेपर्यंतचा पहिला टप्पा गृहीत धरून काढलेला. स्वीडनने २०२४ च्या हिवाळ्यात घरोघर पाठवलेल्या पुस्तिकेत एक आठवडा म्हटलं आहे.