शेतकऱ्याच्या सरासरी कमाईचे 10,218 रुपये नेमके कोणाचे?

पाच शेतकरी घरांची एक वस्ती धरू. महिन्याची कमाई हजारांत 3, 5, 7, 10 आणि 75. सरासरी येते 20 हजार, आणि ती पाचांपैकी एकाच्याही घरात सापडत नाही. मधलं घर 7 हजारांवर आहे. पाचव्याच्या दारात ठिबक, द्राक्षबाग, शिवाय शहरात नोकरीला लागलेला मुलगा, त्यामुळे सगळी सरासरी त्याने एकट्याने वर ओढली आहे.

ही तफावत एका आकड्यात सांगता यावी म्हणून कोराडो जिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने 1912 मध्ये एक गुणांक मांडला. सगळ्यांची कमाई सारखी असेल तर जिनी 0, सगळी एकाच घरात गेली तर 1 च्या जवळ. आपल्या वस्तीचा साधारण 0.6 निघतो.

आता दुसरं वर्ष घ्या. ऐन काढणीला पाऊस, सोयाबीन काळं पडलं. कमाई वजा 20, वजा 10, मग 2, 3 आणि 50. जिनी काढला तर 2.4 च्या वर! पट्टीच मोडली. पगारदारांची विषमता मोजताना ही अडचण सहसा येत नाही, कारण महिनाभर राबून कोणी मालकालाच पैसे देऊन घरी जात नाही. शेतकरी मात्र असं करतो. म्हणून काही अभ्यासक उणे कमाईची घरं बाजूला ठेवतात, आणि तिथेच सर्वांत होरपळलेला माणूस गणितातून गळतो. मला हा उपाय पटत नाही.

देशाचा आकडा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पाहणीच्या 77व्या फेरीतला. जुलै 2018 ते जून 2019 या काळात शेतकरी कुटुंबाची सरासरी मासिक कमाई 10,218 रुपये होती. महाराष्ट्रात 11,492, पंजाबात 26,701, झारखंडात 4,895. त्या 10,218 मध्ये पिकाचे 3,798 आणि मजुरी-पगाराचे 4,063. म्हणजे ‘शेतकऱ्या’च्या घरात शेतातल्या पिकापेक्षा मजुरी-पगाराचा पैसा जास्त येत होता. 2012-13 मध्ये हे उलट होतं.

विषमतेच्या दृष्टीने या दोन पैशांचा स्वभाव वेगळा. पिकाचा पैसा जमीन आणि पाण्याच्या मागे जातो, ज्याच्याकडे विहीर त्याच्याकडेच तो साचतो. रोजंदारी दोन एकरवाल्या कोरडवाहू घराला तगवते, त्यामुळे दरी थोडी बुजते. पगाराची नोकरी मात्र बहुधा शिकलेल्या, म्हणजे आधीच बऱ्या घरात जाते. दोन्ही एकाच रकान्यात मोजल्याने हा फरक दिसत नाही.

गोठ्याचा हिशोब तर पाहण्यासारखा आहे. जनावरांपासूनची कमाई 1,582 रुपये, पण ती फक्त रोख खर्च वजा करून. बांधावरची वैरण, घरचा कडबा अशा, पैसे न मोजता आलेल्या गोष्टींचीही किंमत धरली की उरतात 441. पिकालाही हाच हिशोब लावला की एकूण कमाई 8,337 वर येते. डेअरीचं बिल हातात पडतं तेव्हा म्हैस फायद्याची वाटते, ती त्या न मोजलेल्या भाऱ्यांच्या जिवावर.

आणि या पाहणीत ‘शेतकरी कुटुंब’ म्हणजे वर्षाला शेती-पशुपालनातून 4,000 रुपयांहून जास्त किमतीचं उत्पादन काढणारं आणि किमान एक माणूस स्वतःच्या शेतीव्यवसायात असलेलं घर. द्राक्षबागेत खुरपणीला येणारी, ना शेत ना गोठा असलेली बाई या 10,218 मध्ये नाहीच. तिची मजुरी तेवढी आहे, बागायतदाराच्या खर्चाच्या रकान्यात.